वीसपैकी सहा

४ नोव्हेंबर

वर्गात आज दोन डोकी. एक नर्स आणि एक टॅक्सीवाला. नर्सला परदेशी नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची आहे. टॅक्सीवाल्याला नुसतं बोलता यायला हवंय, आणि त्याचं अर्धं लक्ष खाली लावलेल्या गाडीकडे. याच खोलीत एकेकाळी चाळीस जण मांडीला मांडी लावून बसत आणि उशिरा येणारे जिन्यात उभे राहून लिहून घेत. खालचा लाँड्रीवाला, म्हणजे आमचा घरमालक, सकाळी वर येऊन बाकांवरून हात फिरवून गेला. पुढची खोली वर्षअखेरीला सोडा, मागच्या दोन खोल्यांत तुम्ही दोघं खुशाल राहा, म्हणतो. त्याला इथे इस्त्रीची टेबलं मांडायची आहेत. मी म्हटलं, "बघू."

म्हणून रोजनिशी पुन्हा सुरू करतोय. मराठीत, आणि इंग्रजी वाक्य आलंच तर तेही आपल्याच लिपीत. एकतीस वर्षं ती रोमन अक्षरं फळ्यावर काढून हात विटलाय.

७ नोव्हेंबर

डुलक्या आला होता. माझा जुना विद्यार्थी. शेवटच्या बाकावर बसून डुलक्या काढायचा म्हणून मीच हे नाव पाडलं होतं. आता समोरच्या इमारतीत त्याची काचेच्या दाराची इन्स्टिट्यूट आहे आणि माझे विद्यार्थी त्या दारातून आत जाताना मला खिडकीतून दिसतात.

आला तो नम्र होऊन. स्वतःचं वर्कबुक काढतोय. नमुन्यासाठी एकच प्रकरण हवंय: चालू वर्तमानकाळाच्या वाक्यात क्रियाविशेषण कुठे बसतं आणि बसल्यावर काय करतं. दोघांकडून लिहून घेणार. ज्याचं प्रकरण पसंत पडेल त्याला अख्खं पुस्तक आणि सकाळची बॅच. शिवाय दोघांनी एकमेकांचं बाड तपासायचं, नावं झाकून, वीसपैकी गुण आणि खाली शेरा.

"दुसरा कोण?" मी विचारलं.

"सर, ते सांगितलं तर झाकून काय उपयोग?"

जाताना म्हणाला, "तुमच्या नोट्समधली सरावाची वाक्यं मला अजून पाठ आहेत. द कॅट इज स्टिल सिटिंग ऑन माय रिपोर्ट कार्ड, अँड आय ॲम केअरफुली नॉट डिस्टर्बिंग हर. त्या मांजरीमुळे स्टिल कुठे येतं ते आयुष्यात विसरलो नाही."

अशी मांजर मी कधी लिहिली, मला आठवेना. पण कौतुक कुणी दारात आणून दिलं तर परत करू नये. मी मान डोलावली. वर्गामागच्या पडद्याआड बायको टाइप करत होती, तिची टकटक मध्येच थांबली आणि मग पुन्हा सुरू झाली.

खरं लिहायचं तर ही बॅच मला हवीच आहे. ती गेली तर उद्यापासून मी कोण, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही.

११ नोव्हेंबर

प्रकरण झपाट्यानं चाललंय. जागांचा तक्ता केला. स्टिल, जस्ट, प्रॉबेबली ही मंडळी इज आणि आयएनजीवाल्या क्रियापदाच्या मधोमध बसतात. क्वाएटली, स्लोली वगैरे कसं ते सांगणारी बहुतेक मागे उभी राहतात. नाऊ शेवटी. नकार आला की स्टिल उठून इझन्टच्या आधी जाऊन बसतं: शी स्टिल इझन्ट लिसनिंग. आणि ऑलवेज, कॉन्स्टंटली, फॉरेव्हर या तिघांनी चालू वर्तमानकाळात पाऊल टाकलं की वाक्याच्या कपाळाला हटकून आठी पडते. शी ऑलवेज फर्गेट्स म्हटलं तर नुसती माहिती. शी इज ऑलवेज फर्गेटिंग म्हटलं की तक्रार.

तक्रारीची उदाहरणं शोधायला मला लांब जावं लागत नाही. माय वाइफ इज ऑलवेज इंटरप्टिंग मी. माय वाइफ इज कॉन्स्टंटली लूजिंग द कीज. माय वाइफ इज फॉरेव्हर ओपनिंग द विंडो. दुपारपर्यंत चाळीस झाली. माणसानं संसार केला की व्याकरणाला काही कमी पडत नाही.

१३ नोव्हेंबर

आमची पद्धत जुनी आहे. मी हातानं लिहितो, बायको टाइप करते. पूर्वी ती स्टेन्सिल कापायची, बोटं शाईनं काळी व्हायची. मग टाइपरायटर आला, मग कॉम्प्युटर. तिचं टेबल वर्गाच्या मागे, पडद्यापलीकडे, बोळकांडीत. सरावाची वाक्यं सुचेनाशी झाली की मी कंसात 'आणखी आठ' लिहून जागा सोडतो आणि ती जुन्या नोट्समधून काहीतरी उचलून भरते. तेवढं तिला जमतं.

या वेळी मात्र जागा रिकामीच ठेवून कागद परत दिले.

"हे काय?"

"स्पर्धा आहे ना? यात सगळी तुमचीच हवीत," ती म्हणाली.

मग मीच बसलो. आठ वाक्यांना दोन तास लागले. आठही तिच्यावरच निघाली. टाइप करून आणून दिली तेव्हा मी सहज विचारलं, "वाचतेस का काय लिहिलंय ते?"

"टाइप करायचं म्हणजे वाचावंच लागतं."

"अक्षरं बघितली तरी पुरे," मी म्हटलं.

१९ नोव्हेंबर

बाड देऊन आलो. अठ्ठेचाळीस उदाहरणं, पाच नियम, एक तक्ता. इतकं चोख काम गेल्या दहा वर्षांत माझ्या हातून झालं नव्हतं.

बायको हल्ली दुपारी घरात नसते. कुणा मैत्रिणीचा गुडघा धरलाय, तिच्याकडे जाते. थर्मासमध्ये चहा भरून ठेवते. मी तो ओतून घ्यायला विसरतो आणि संध्याकाळी ती थर्मास उघडून नुसतं बघते. गुडघा दुखतो दुसरीचा आणि गैरसोय माझी.

२४ नोव्हेंबर

नर्सनं आज निरोप घेतला. समोर जाणार. नाक मुरडून नाही, रडवेली होऊन म्हणाली, म्हणून जास्तच लागलं.

"सर, तिथे दुपारी एक नव्या बाई तास घेतात. अजून ट्रायलवर आहेत. पण त्यांनी काय केलं, सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि म्हणाल्या, घरात आत्ता कोण काय करतंय ते सांगा. मी म्हटलं, माय मदर इज प्रॉबेबली वेटिंग फॉर माय कॉल. आणि मला एकदम रडूच आलं. पण सर, प्रॉबेबली बरोबर जागी आलं."

"डोळे मिटून व्याकरण," मी म्हटलं. "पुढच्या आठवड्यात हात धरून फेर धरायला लावतील."

ती पाया पडायला वाकली तेव्हा मी खिडकीकडे बघत होतो. नव्या बाई म्हणजेच ते दुसरं बाड असणार. नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली कुणी पोर असेल, नाकानं कांदे सोलणारी.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती घड्या घालत होती. म्हणाली, "रडली का ती?" मी म्हटलं, "मुद्दा तो नाही." तिनं एका टॉवेलाची घडी तीनदा घातली.

२ डिसेंबर

दुसरं बाड तपासायला आलं. टाइप केलेलं, नाव नाही, वर नुसता 'ब'. लाल पेन घेऊन बसलो.

पहिली गोष्ट, वर नियमच नाहीत. एक घर आहे, एक सकाळ आहे, आणि सगळी वाक्यं त्या घरातली. नियम शेवटी, तेही विद्यार्थ्यानंच शोधून रिकाम्या चौकटीत लिहायचे. म्हणजे मास्तरनं काय करायचं? काही वाक्यं उतरवून ठेवतो, नमुना म्हणून.

माय हजबंड इज क्वाएटली करेक्टिंग द न्यूजपेपर.

वर्तमानपत्र कोण तपासत बसतं? मीही त्यातल्या चुका लाल पेनानं खुणावतो, पण त्याला कारण असतं, उद्या वर्गात दाखवायच्या असतात.

हिज टी इज स्लोली गेटिंग कोल्ड. ही इज आस्किंग मी अ क्वेश्चन, अँड ही इज ऑलरेडी आन्सरिंग इट. आय ॲम जस्ट ओपनिंग माय माउथ. आय ॲम नाऊ क्लोजिंग इट अगेन.

चूक कुठे नाही, हे मान्य. क्रियाविशेषणं सगळी जागच्या जागी. पण हे व्याकरण म्हणायचं की चहाड्या? आणि शेवटी, पानभर कोऱ्या जागेत एकटंच वाक्य: आय ॲम स्टिल लिसनिंग. एवढा कागद फुकट घालवायचा म्हणजे कमाल आहे.

एका ठिकाणी पेन थांबलं, ते लिहून ठेवतो. माय डॉटर इज कॉलिंग, अँड माय हजबंड इज ऑलरेडी हॅंडिंग मी द फोन. यात तक्रारीचा एकही शब्द नाही. ऑलवेज नाही, फॉरेव्हर नाही. तरी वाचून मनाला बरं वाटलं नाही. का ते कळेना, म्हणून पुढे गेलो.

सहा दिले, शुद्धलेखनाचे. शेरा लिहिला: 'लेखिकेला इंग्रजी येतं, शिकवणं येत नाही. हे प्रकरण नसून घरगुती गाऱ्हाणं आहे. त्यांनी या भानगडीत न पडता घर सांभाळावं.'

३ डिसेंबर

जेवताना बायकोला त्या बाडातली दोनचार वाक्यं मराठीत करून सांगितली. करमणूक म्हणून.

"बघ तरी, कसला पीळ नवरा आहे हा. स्वतःच विचारतो, स्वतःच उत्तर देतो."

"असतात असे," ती म्हणाली.

"मला दया येते बिचारीची."

"कुणाची?"

"त्याच्या बायकोची. दुसऱ्या कुणाची?"

यावर ती हसायला लागली. इतकी हसली की तिला पदर डोळ्यांना लावावा लागला. कित्येक महिन्यांत तिला असं हसवलं नव्हतं मी, मलाही बरं वाटलं. मग शांत झाल्यावर तिनं विचारलं, "किती दिलेत?"

"सहा."

"दहापैकी?"

"वीसपैकी. आणि शेरा असा मारलाय की पुन्हा पेन हातात धरणार नाही." शेरा वाचून दाखवला. ती ताटं उचलून आत गेली. नळ बराच वेळ चालू होता.

९ डिसेंबर

माझं बाड परवाच परत आलं. चौदा. मला चौदा! एकतीस वर्षं मी दुसऱ्यांना चौदा देत आलो.

शेरा पेन्सिलीनं आहे, छापील वाटावा अशा सुट्या इंग्रजी अक्षरांत. मराठीत उतरवतो: 'नियम अचूक. जागांचा इतका स्वच्छ तक्ता मी दुसरीकडे पाहिलेला नाही, तो पुस्तकात असायलाच हवा. मात्र अठ्ठेचाळीस वाक्यांत एकच बाई आहे आणि ती एकदाही बोलत नाही. शिकणाऱ्याला वाटेल, इंग्रजीत बायका फक्त चुकतात. लेखकाला दिसतं पुष्कळ. त्याने एकदा तक्रार बाजूला ठेवून बघावं.'

अंगाचा तिळपापड झाला. दोन दिवस त्या चार ओळींत चूक शोधतोय, सापडत नाही. बायकोला दाखवलं तर ती म्हणते, "चौदा काही वाईट नाहीत."

"अगं, कालची पोर मला सांगते तक्रार बाजूला ठेवा."

"कालचीच कशावरून?" ती म्हणाली आणि थर्मास भरायला गेली. जिथे माझ्या बाजूनं भांडायचं तिथे ही मूग गिळून बसते, हा अनुभव नवा नाही.

१२ डिसेंबर

मुलीचा फोन. ती दूरच्या शहरात असते, महिन्यातून दोनदा बोलतो.

"बाबा, आईचं कसं चाललंय?"

"आईचं काय चालायचंय? आहे. देऊ का तिला?"

"द्या," म्हणाली. फोन बायकोच्या हातात देताना मला काहीतरी आठवल्यासारखं झालं, पण काय ते ध्यानात आलं नाही. दोघी अर्धा तास बोलल्या, दार लावून.

१६ डिसेंबर

राहवलं नाही, डुलक्याकडे गेलो. त्याच्या काचेच्या दाराला ढकलायचं की ओढायचं हे मला अजून कळत नाही, तेवढ्यात आतल्या मुलीनं येऊन उघडलं. मी स्पष्टच सांगितलं. व्याकरण म्हणजे चूल नव्हे. ज्या बाईला नियम आधी की उदाहरण आधी एवढं कळत नाही, तिच्या पंगतीला मी बसणार नाही. एक तर ती बाई किंवा मी.

डुलक्यानं खुर्ची पुढे केली. "सर, एकदा त्यांचा तास ऐका. दुपारी तीनला असतो."

"मी? मागच्या बाकावर बसून?"

"मी बसायचो की."

"तू झोपायचास."

"तुमच्या तासाला झोपायचो," तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली. मग म्हणाला, "सर, हे तुम्ही घरी बोललात का?"

"घरी काय बोलायचं? घरचा काय संबंध?"

तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. लहानपणी उत्तर येत नसलं की असाच बघायचा. मी उठून आलो. बोललो ते थोडं जास्त झालं असेल, पण बोललो त्याचा पश्चात्ताप नाही. निदान आज संध्याकाळी तरी नाही.

२० डिसेंबर

जसं झालं तसं लिहितो.

अकरा वाजता डुलक्यानं बोलावलं. "सर, दुसरं बाड निवडलंय. पुस्तक त्या लिहितील, सकाळची बॅचही त्याच घेतील. मात्र त्यांची एक अट आहे. जागांचा तक्ता तुमचाच घ्यायचा आणि त्याखाली तुमचं नाव छापायचं."

"मला भीक नको," मी म्हटलं. "कोण आहे ती? आता तरी सांग."

"त्या म्हणाल्या, मी घरी सांगते."

"कुणाच्या घरी?"

डुलक्यानं माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. मी तो प्यायलो आणि निघालो. रस्ता ओलांडून जिना चढेपर्यंत मी विचार करत होतो, ही बाई कुणाच्या घरी जाऊन सांगणार. एकतीस वर्षं भाषा शिकवली मी.

वर्गात बायको पहिल्या बाकावर बसली होती. त्या बाकावर तिला मी कधी पाहिलं नव्हतं. पुढ्यात कागद, त्यावर माझी लाल शाई.

"हे माझं आहे," ती म्हणाली.

मी म्हटलं, "हे तुझ्याकडे कसं आलं?"

"मी लिहिलंय ते. मैत्रिणीचा गुडघा बरा आहे. दुपारी मी समोर शिकवायला जात होते."

मी खुर्चीत बसलो. "तुला इंग्रजी कुठे येतं?"

"तुम्हीच शिकवलंत. पडद्यातून सगळं ऐकू येतं. आणि तुम्ही 'आणखी आठ' लिहून जागा सोडायचात ना, ती वाक्यं कुठल्या जुन्या नोट्समधली नव्हती. ती मीच करून घालत होते."

"ती मांजर?"

"तीसुद्धा. डुलक्यानं तिचं कौतुक केलं तेव्हा तुम्ही मान डोलावलीत. मी पडद्याआड होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्याकडे गेले आणि म्हटलं, दुसरं बाड माझ्याकडून घे."

मला राग आला. तो कुठून आला हे सांगणं कठीण आहे, पण आला. मी म्हटलं, माझ्या पाठीमागे एवढा सगळा खेळ मांडलास. मला सांगितलं असतंस तर मी मदत केली असती.

"तपासलं असतंत," ती म्हणाली.

"निदान नाव तरी घालायचंस. माहीत असतं तर मी असा शेरा लिहिला असता का?"

"नाव असतं तर तुम्ही वाचलंच नसतं."

ती हे चिडून म्हणाली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. पण तिनं ते मला खाली सामान आलंय असं सांगावं तसं सांगितलं. मग शेऱ्यावर बोट ठेवलं. "घर सांभाळावं, लिहिलंत. सांभाळलंच की. त्या घरातलंच आहे हे."

मी म्हटलं, "आणि तो नवरा?"

"त्याला पीळ तुम्ही म्हणालात. मी तसं कुठे लिहिलं नाही."

खरंच लिहिलेलं नाही. मी कागद पुन्हा चाळून बघितले.

२६ डिसेंबर

घरात कामापुरतं बोलणं. मीठ, किल्ली, दिवा. मुलीला फोन केला, या वेळी मी स्वतः. विचारलं, "तुला माहीत होतं?"

"बाबा, तुम्हाला सोडून सगळ्यांना माहीत होतं. लाँड्रीवाल्या काकांनासुद्धा. तिचे कपडे ते इस्त्री करून द्यायचे, तासाला जायचे म्हणून."

लाँड्रीवाला आज बाकं उतरवून घेऊन गेला. चार माणसं लागली. टॅक्सीवाला पण हात लावायला आला होता. त्याच्याशी मी सवयीनं इंग्रजीत बोललो आणि तो मला मराठीत म्हणाला, "मास्तर, बसा तुम्ही, दमलात."

दमलो नाही. मला लाज वाटते आहे, आणि लाजेपेक्षाही भीती जास्त वाटते आहे. ती सकाळी जाईल, दुपारी येईल, आणि आल्यावर माझ्याशी काय बोलेल याचा मला अंदाज नाही. ती काय बोलते याचा अंदाज मी कधी केलेलाच नाही, कारण उत्तर माझ्याकडे तयार असायचं.

२९ डिसेंबर

तिचं प्रकरण आज पेन न घेता वाचलं. टेबलावर होतं, विचारलं नाही. पहिल्या पानाला चार वेळा हात खिशाकडे गेला. मग जमलं.

मी ऐकलं नाही, मी बघितलं नाही, असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. त्या घरात एक माणूस आहे एवढंच आहे. तो चष्मा शोधतोय, तो जिन्यात थांबून दम खातोय, आणि बायको स्वयंपाकघरातून त्याच्या पायऱ्या मोजतेय: शी इज सायलेंटली काउंटिंग हिज स्टेप्स. हे वाक्य मी दोन तारखेलाही वाचलं असणार. सायलेंटलीची जागा बरोबर आहे म्हणून पुढे गेलो असणार.

मी जिना चढताना ती पायऱ्या मोजते, हे मला माहीत नव्हतं.

२ जानेवारी

आज तिची पहिली सकाळची बॅच. साडेसातला निघायचं होतं. पुढच्या खोलीत इस्त्रीची टेबलं आली आहेत, त्यामुळे आम्हाला मागच्या जिन्यानं जावं लागतं.

मी आधी उठलो. चहा केला, तिच्यासाठी ओतून ठेवला. काल दुपारीच मी तिच्या बाडावरचे सहा खोडून अठरा केले होते आणि शेऱ्यावर काट मारली होती. अठरा मी एकतीस वर्षांत कुणालाही दिलेले नाहीत. बाड चहाच्या कपाशेजारी ठेवलं. तिनं बघावं आणि मग जे व्हायचं ते व्हावं, असं मनात होतं.

ती तयार होऊन आली. चहा उभ्यानं घेतला. बाड उचललं, पहिलं पान बघितलं.

"हे काय?"

"अठरा. पुन्हा वाचलं मी. चूक झाली होती माझी."

तिनं मला जवळ बोलावलं नाही, लांबही गेली नाही. टेबलावरचं माझं लाल पेन घेतलं, अठरावर सरळ रेघ मारली आणि शेजारी नीट अक्षरात सहा लिहिले.

"अगं, मी मनापासून दिलेत."

"तेव्हाचे सहा तुम्ही वाचून दिलेत," ती म्हणाली. "हे अठरा घाबरून देताय. माझं लिहिलेलं वाचून तुम्ही काही दिलंय ते तेवढंच आहे. ते राहू द्या."

पेन टोपण लावून जागेवर ठेवलं, बाड पिशवीत टाकलं आणि ती गेली. मी तिच्या पायऱ्या मोजायला लागलो, पण आठव्या-नवव्या पायरीला आकडा चुकला.

बरोबर होतं तिचं. मी घाबरूनच दिले होते.